तीन हजार ओळींचा वाडा

गिटहब, शॉपिफाय, एअरबीएनबी ज्याच्यावर उभे राहिले, त्या 'रेल्स'मधली एक फाइल वीस वर्षांत कशी फुगली, रिकामी झाली आणि तरी जागेवरच राहिली, त्याची ही फेरफार नोंद.

तुमच्या ऑफिसच्या शेअर्ड फोल्डरमध्ये 'बजेट फायनल', 'बजेट फायनल २', 'बजेट फायनल नक्की' आणि 'बजेट फायनल सरांनी बघितलेली' अशा चार फाइली असतील, तर मंडळी, हा लेख तुमच्यासाठी आहे. त्यातली खरी कुठली हे एकाच माणसाला माहीत असतं आणि तो नेमका रजेवर असतो. कुणी काय बदललं, का बदललं, आधी काय होतं, सगळा आनंदीआनंद. सॉफ्टवेअरवाल्यांनी मात्र या दुखण्यावर इलाज करून ठेवलाय. तो इतका चोख आहे की वीस वर्षांपूर्वी एका डॅनिश पोराने टाइप केलेल्या ओळीचं पुढे काय झालं, हे आज पुण्यात कॉफी पीत बघता येतं.

माझं शिक्षण मास कॉमचं. कोडिंगशी संबंध जवळजवळ शून्य. पण माझी एक जुनी मैत्रीण पुण्यात एका छोट्या कंपनीत रेल्स डेव्हलपर आहे. पुण्याचं आणि या तंत्राचं बऱ्यापैकी जमतं. 'रुबीकॉन्फ इंडिया' ही देशातली मोठी परिषद २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ दोन वर्षं पुण्यात भरली होती, मग ती गोव्याला गेली. तर, मी तिच्यापुढे माझं नेहमीचं रडगाणं गात होते. लेख छापून येतो तेव्हा त्यातला माझा सगळ्यात लाडका परिच्छेद गायब असतो, आणि कुणी कापला हे विचारायला गेलं की प्रत्येक जण शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवतो. ती म्हणाली, "अगं, आमच्याकडे हे होऊच शकत नाही. थांब, तुला एक फाइल दाखवते."

त्या फाइलने माझे पुढचे तीन आठवडे खाल्ले.

आधी जुजबी ओळख. वेबसाइट बांधायची म्हटली की काही कामं कुणालाच चुकत नाहीत. लॉगिन, फॉर्म, डेटाबेसमधून माहिती काढणं, परत ठेवणं. दर वेळी हे पहिल्यापासून कोण करणार? फ्रेमवर्क म्हणजे ही कामं आधीच करून ठेवलेला सांगाडा. भिंती, नळ, वायरिंग तयार, तुम्ही सामान घेऊन राहायला यायचं. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन या प्रोग्रॅमरने शिकागोच्या ३७सिग्नल्स कंपनीसाठी 'बेसकॅम्प' नावाचं प्रॉडक्ट बांधलं. त्यातून हा सांगाडा सोडवून घेतला आणि जुलै २००४ मध्ये 'रूबी ऑन रेल्स' या नावाने जगाला फुकट वाटून टाकला. रूबी ही भाषा जपानच्या युकिहिरो मात्सुमोतोने १९९५ मध्ये लोकांपुढे आणलेली. ट्विटर २००६ मध्ये सुरू झालं ते रेल्सवर. पुढे ते बाहेर पडले, पण गिटहब आणि शॉपिफाय आजही तिथेच आहेत.

रेल्सचा जो भाग डेटाबेसशी बोलतो त्याचं नाव 'अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड'. हे नाव मार्टिन फाउलर यांच्या २००२ च्या एका पुस्तकातून आलं. आणि या अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्डच्या मधोमध बसलेली फाइल म्हणजे बेस डॉट आरबी. आपली हिरॉइन.

सातबारा आणि फेरफार

ही फाइल वाचायची कशी, हा पहिला प्रश्न. मैत्रिणीने मला दोन कमांड शिकवल्या, 'गिट लॉग' आणि 'गिट ब्लेम'. दोन्ही समजायला गावाकडची जमीन असली की पुरे. आपल्याकडे जमिनीचा व्यवहार झाला की फेरफार नोंद होते, तिला नंबर पडतो, आणि तो नंबर सातबाऱ्यावर मालकाच्या नावाजवळ येऊन बसतो. गिटमध्ये असा प्रत्येक बदल म्हणजे एक 'कमिट'. कुणी केला, कधी केला, नेमक्या कुठल्या ओळी गेल्या आणि कुठल्या आल्या, हे तर असतंच. शिवाय करणाऱ्याने 'का केलं' ते दोन शब्दांत किंवा दोन परिच्छेदांत लिहायचं असतं. लॉग म्हणजे फेरफारांची वही. ब्लेम म्हणजे सातबारा. फाइलच्या एकेका ओळीपुढे तिला शेवटचा हात लावणाऱ्याचं नाव. या कमांडचं नाव 'ब्लेम' ठेवणाऱ्याला ऑफिसचं राजकारण पक्कं ठाऊक असणार.

ओपन सोर्स असल्यामुळे ही वही सगळ्यांना उघडी आहे. तलाठ्याच्या मागे लागायला नको. बदल कुणीही सुचवू शकतो. तो आत घ्यायचा की नाही, हे ठरवणारे मोजके.

वहीतली पहिली नोंद नोव्हेंबर २००४ ची आहे. त्याआधीचे काही महिने या वहीत नाहीतच. आणि पहिल्या कमिटचं कारण म्हणून हॅन्सनने लिहिलंय फक्त 'इनिशियल'. एवढ्या मोठ्या संसाराची लग्नपत्रिका एका शब्दाची!

वाडा वाढतो

सुरुवातीच्या काळात बेस डॉट आरबी हे एकत्र कुटुंब होतं. काही मंडळी पहिल्यापासून वेगळ्या फाइलीत राहायची, उदाहरणार्थ दोन टेबलांची नाती सांभाळणारा कोड. बाकी बहुतेक सगळे एकाच छपराखाली. नोंद शोधणं, नवी करणं, पुसणं. 'कस्टमर' असा क्लास दिसला की डेटाबेसमध्ये 'कस्टमर्स' नावाचं टेबल असणार, हे न सांगता ओळखणं. आणि एक जादूसुद्धा. तुम्ही 'फाइंड_बाय_ईमेल' असं लिहिलंत की ते चालायचं, 'फाइंड_बाय_सिटी' लिहिलंत तर तेही चालायचं. या नावाच्या मेथड कुणी लिहिलेल्याच नव्हत्या. रूबीमध्ये न सापडलेली मेथड एका खास दारावर येऊन थडकते. बेस डॉट आरबी त्या दारात उभी राहायची, नावाचे तुकडे करायची आणि 'अच्छा, ईमेलवरून शोधायचंय होय' म्हणून कामाला लागायची. २००५ साली ज्यांनी हे पहिल्यांदा पाहिलं ते अजून त्याबद्दल पहिल्या बाइकबद्दल बोलावं तसं बोलतात.

जादू वाढली तशा ओळी वाढल्या. रेल्स १.० डिसेंबर २००५ मध्ये आलं, २.० डिसेंबर २००७ मध्ये. एप्रिल २००८ मध्ये सगळा कोड गिटहबवर हलला. गिटहब स्वतः रेल्समध्ये लिहिलेलं, म्हणजे घर बांधणारा आपल्याच गिऱ्हाइकाकडे भाड्याने राहायला गेला. मार्च २००९ मध्ये २.३ आलं तेव्हा ही एक फाइल तीन हजार ओळींच्या पुढे गेली होती. त्या काळच्या डेव्हलपरांना ते फाइल न उघडताही कळायचं. प्रोग्राम कोसळला की एरर कुठल्या ओळीवर आला तो आकडा स्क्रीनवर यायचा, आणि 'बेस डॉट आरबी, ओळ दोन हजार नऊशे अमुक' असं काहीतरी दिसायचं.

त्या तीन हजारांतल्या खूपशा ओळी कोड नव्हत्याच, तर माणसांसाठी लिहिलेल्या कॉमेंट होत्या. हा भाग मी सर्वांत मन लावून वाचला, कारण मला तेवढाच कळत होता. त्यात एक उदाहरण आहे. नवा युजर तयार करायचा, नाव 'डेव्हिड', व्यवसाय 'कोड आर्टिस्ट'. स्वतःचं नाव घालून स्वतःला कलावंत म्हणवून घेणं ही हॅन्सनची स्टाइल. डेव्हिड अजून तिथेच आहे. आधी नाव आणि किंमत यांच्यामध्ये बाण असायचा, रूबी १.९ नंतर बाण जाऊन साधा कोलन आला. व्यवसाय मात्र कोड आर्टिस्टच.

दुसरं उदाहरण जास्त कामाचं. एकाच कामाच्या दोन मेथड दाखवल्यात, 'ऑथेंटिकेट_अनसेफली' आणि 'ऑथेंटिकेट_सेफली'. पहिलीत युजरने टाइप केलेलं जसंच्या तसं डेटाबेसच्या प्रश्नात चिकटवलंय, म्हणजे चोराला आवतण. दुसरीत ते आधी धुऊन-पुसून घेतलंय. चूक कशी करायची ते आधी दाखवून मग बरोबर सांगायचं ही पद्धत मला फार आवडली. आमच्या कॉलेजातल्या एकाही पाठ्यपुस्तकात ती नव्हती.

चुली वेगळ्या होतात

तीन हजार ओळी एकत्र असल्या तर बिघडतं काय? एक कोपरा हलवला की दुसरा हलतो. नवीन माणूस आत शिरायला घाबरतो. शिवाय तेव्हा 'मर्ब' नावाचा एक सडपातळ प्रतिस्पर्धी होता. त्याचं म्हणणं असं की तुम्हाला जेवढं हवं तेवढंच घ्या. डिसेंबर २००८ मध्ये दोघांनी भांडत बसण्याऐवजी एकत्र यायचं जाहीर केलं, आणि मर्बकडचे येहुदा कॅट्झ रेल्सच्या कोअर टीममध्ये आले. ऑगस्ट २०१० मध्ये त्यातून रेल्स ३.० निघालं.

वाड्याच्या पहिल्या भिंती तेव्हा पडल्या. माहिती शोधण्याचं सगळं काम 'रिलेशन' नावाच्या वेगळ्या ठिकाणी गेलं. आधी एकाच 'फाइंड'ला अटी, क्रम, मर्यादा सगळं एका दमात सांगावं लागायचं. आता 'व्हेअर', 'ऑर्डर', 'लिमिट' अशी एकापुढे एक साखळी लावता येऊ लागली. या कामात प्रतीक नाईक यांचा मोठा वाटा. लॉगमध्ये हे नाव दिसल्यावर मी उगाचच खूश झाले, जसं विमानाच्या क्रेडिट कार्ड फॉर्मवर 'मुंबई' दिसलं तरी आपण होतो. बेस डॉट आरबी दोन हजार ओळींच्या आसपास आली.

खरी वाटणी झाली डिसेंबर २०११ मध्ये. कोअर टीममधल्या जॉन लेटन यांनी एका कमिटमध्ये फाइलचा बराचसा ऐवज वेगवेगळ्या मॉड्यूलमध्ये काढला. टेबलाचं नाव ओळखणारा कोड एकीकडे, वारसा सांभाळणारा दुसरीकडे, ती न लिहिलेल्या मेथडची जादू तिसरीकडे. कमिटच्या शीर्षकाच्या शेवटी त्यांनी केकचं चित्र टाकलंय. तीन हजार ओळींचा इतिहास मोडीत काढताना केक! जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या ३.२ सोबत ही वाटणी सगळ्यांच्या घरी पोचली.

इथे मैत्रिणीचं आणि माझं थोडं वाजलं. मी म्हटलं, वा, काय सुंदर आवरलंय. ती म्हणाली, "आवरलंय कुठे? पसारा दुसऱ्या खोल्यांत ढकललाय." तिचा मुद्दा असा. रूबीमध्ये मॉड्यूल 'इन्क्लूड' केलं की त्यातलं सगळं त्याच क्लासमध्ये येऊन बसतं. फाइल बारीक झाली, पण चालू प्रोग्राममधला ऑब्जेक्ट होता तेवढाच लठ्ठ. शेकडो मेथड तशाच अंगावर. ही टीका रेल्सच्या जगात नवी नाही आणि ती खरीच आहे. पण मला वाटतं, वाचणाऱ्या माणसाच्या बाजूने ती अर्धीच आहे. कुठली वस्तू कुठल्या खोलीत आहे एवढं जरी कळलं, तरी अनोळखी माणूस घरात वावरू शकतो. माझ्यासारखीला तीन हजार ओळींची फाइल कधीच वाचता आली नसती. चाळीस छोट्या फाइलींच्या नावांवरून मात्र निदान अंदाज बांधता आला.

वाटणीचा खरा तोटा वेगळाच आहे, तो ब्लेममध्ये दिसतो. ओळी उचलून दुसऱ्या फाइलीत ठेवल्या की सातबाऱ्यावर ठेवणाऱ्याचं नाव लागतं. २००५ मध्ये रात्र जागून ज्याने ती ओळ सुचवली, तो गायब. हुडकायला गेलं तर सापडतो. ब्लेमला एक जादा खूण दिली की ओळ आधी कुठे राहत होती तेही ते शोधून देतं. पण एवढं कोण करतं! ऑगस्ट २०१६ मध्ये झेवियर नोरिया यांनी रेल्सभर एकेरी अवतरणचिन्हांच्या जागी दुहेरी चिन्हं आणली, म्हणजे सगळीकडे एकच शिस्त. चांगलं काम. पण त्या दिवसापासून किती तरी ओळींपुढे त्यांचं नाव लागलं, फक्त चिन्हासाठी. असे रंगरंगोटीचे बदल बाहेरच्यांकडून रेल्स साधारणपणे घेत नाही, आणि तसं त्यांनी नियमांत स्पष्ट लिहून ठेवलंय. नुसतं सुशोभीकरण तपासायलाही कुणाचा तरी वेळ जातो, आणि जुन्या नोंदी मात्र झाकल्या जातात.

माघारीची नोंद

केकवाल्या लेटन यांचा डाव आणखी मोठा होता. रेल्समध्ये तुमचा प्रत्येक क्लास बेसचा 'वारस' असतो. त्यांना वाटलं, वारसा कशाला? 'अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड मॉडेल' असं एक मॉड्यूल करू, ज्याला हवं त्याने ते कुठल्याही साध्या क्लासमध्ये मिसळावं. त्यांनी ते बांधलं, मुख्य शाखेत आलंही. बेस डॉट आरबी जवळजवळ नावापुरती उरणार होती.

आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये त्यांनी स्वतःच ते काढून टाकलं, रेल्स ४.० यायच्या आधी. कारण लिहिलंय ते साधं आहे. हे सगळं बेमालूम जमवताना जो त्रास झाला, त्या मानाने फायदा नाही. गुंतागुंत वाढतेय, ती परवडणारी नाही.

मी ही नोंद दोनदा वाचली. जवळजवळ वर्षभराचं स्वतःचं काम, तेही सगळ्या जगासमोर केलेलं, स्वतःच्या हाताने काढायचं आणि खाली सही करून कारण लिहायचं. आपल्याकडे फसलेला प्रोजेक्ट 'होल्डवर' जातो आणि चार वर्षं होल्डवरच राहतो, अप्रायझलमध्ये मात्र 'इनिशिएटिव्ह' म्हणून झळकतो. लेटन यांच्याबद्दलचा माझा आदर केकपेक्षा या माघारीमुळे वाढला.

३०१२ सालचा पाहुणा

आता या फाइलच्या इतिहासातला थ्रिलर.

नोकरीच्या अर्जाची कल्पना करा. नाव, पत्ता, फोन एवढ्या तीन ओळी. तुम्ही खाली कोऱ्या जागेत पेनाने चौथी ओळ काढता, 'पगार: तीन लाख', आणि क्लार्क न बघता अर्जावरचं सगळं जसंच्या तसं कॉम्प्युटरवर चढवतो. रेल्समध्ये असंच होऊ शकत होतं. फॉर्ममधून आलेली सगळी माहिती एका झटक्यात नोंदीत भरायची सोय होती, तिला 'मास असाइनमेंट' म्हणतात. फार सोयीची. फक्त चौथी ओळ काढणाऱ्याला अडवायचं काम डेव्हलपरने आठवणीने करायचं. त्यासाठीच्या दोन सूचना, 'अ‍ॅट्र_प्रोटेक्टेड' आणि 'अ‍ॅट्र_अ‍ॅक्सेसिबल', २.३ च्या काळात याच बेस डॉट आरबीमध्ये राहायच्या. विसरलात तर दार उघडं.

मार्च २०१२ मध्ये येगोर होमाकोव्ह या रशियन तरुणाने रेल्सवाल्यांना सांगितलं, की लोक विसरतात, तर दार मुळातच बंद ठेवा. उत्तर साधारण असं मिळालं, की ही डेव्हलपरची जबाबदारी. मग त्याने उदाहरण निवडलं तेही नामी: गिटहब. रेल्सवर बांधलेलं आणि रेल्सचा कोड जिथे राहतो तेच. आधी त्याने एका तक्रारीवर तारीख घातली एक हजार वर्षं पुढची, ३०१२ सालची. तारखेचा रकाना फॉर्ममध्ये नव्हताच, त्याने तो हाताने घुसवला. मग ४ मार्चला त्याच युक्तीने स्वतःची किल्ली रेल्सच्या प्रोजेक्टला जोडली आणि मुख्य शाखेत एक फाइल टाकून दाखवली. मला इथे कमिट कसं काय करता येतंय, असा भाबडा प्रश्नही सोबत.

ज्या मोजक्या लोकांच्या हातात रेल्सच्या किल्ल्या, त्यांच्या यादीत परवानगीशिवाय एक नाव! गिटहबने भोक बुजवलं, त्याचं खातं गोठवलं, आणि चौकशीनंतर परत सुरू केलं. विचार करा, हा कुणी वाईट माणूस असता आणि गुपचूप एखादी ओळ बदलून गेला असता तर? हजारो साइटींच्या पोटात ती ओळ गेली असती.

परिणाम झाला तो मोठा. कुठले रकाने आत घ्यायचे हे ठरवायचं काम मॉडेलकडून काढून दारातच, कंट्रोलरकडे, दिलं गेलं. याला 'स्ट्राँग पॅरामीटर्स' म्हणतात. जून २०१३ च्या ४.० मध्ये ते मुळातच आलं. आता परवानगी दिली नाहीत तर प्रोग्राम भरायलाच नकार देतो. जुन्या दोन सूचना रेल्समधून बाहेर पडल्या आणि ज्यांना सोडवेना त्यांच्यासाठी एका वेगळ्या पॅकेजात गेल्या. बेस डॉट आरबी तोवर तीनशेच्या वर, चारशेच्या आत उतरली होती. त्यातही बहुतेक कॉमेंटच.

आज ती उघडलीत तर शेवटी सोसायटीच्या जिन्याखाली असतो तसा नावांचा बोर्ड दिसतो. 'इन्क्लूड' अमुक, 'इन्क्लूड' तमुक, चाळीसच्या वर नावं. वाडा गेला, फ्लॅट आले. बोर्डावर अजून नवी नावं लागतात. डिसेंबर २०२१ च्या ७.० सोबत एनक्रिप्शन राहायला आलं, म्हणजे डेटाबेसमधली गुपितं कुलूपबंद करून ठेवणारा शेजारी. आणि २०१६ च्या ५.० पासून तर नव्या अ‍ॅपमधले क्लास थेट बेसचे वारसही राहिले नाहीत. मध्ये 'अ‍ॅप्लिकेशन रेकॉर्ड' नावाचा तुमचा स्वतःचा मधला क्लास आला. तुम्हाला काही जादा करायचं असेल तर तुमच्या घरात करा, आमच्या भिंतीला खिळे ठोकू नका, असा त्याचा अर्थ.

'फिक्स'

हे सगळं शिकागो, बार्सिलोना, लंडन करत माझ्या मैत्रिणीच्या टेबलावर येऊन कसं आदळतं, ते बघा.

तिच्या कंपनीकडे एका क्लायंटचं जुनं अ‍ॅप आहे, २००८ च्या सुमाराचं, एजंटांच्या कमिशनचा हिशोब ठेवणारं. ते रेल्स २.३ वरच अडकलेलं. त्याला आजच्या आवृत्तीपर्यंत आणायचं काम गेल्या वर्षी तिच्या गळ्यात पडलं. थेट उडी मारता येत नाही, ३.०, ३.२, ४.० असं पायरी-पायरीने चढावं लागतं. ज्या-ज्या वेळी बेस डॉट आरबीमधून काहीतरी बाहेर पडलं, ती प्रत्येक वेळ तिला परत जगावी लागली. रिलेशनसाठी दीडशे ठिकाणी 'फाइंड' बदलले. त्यात डोकं लागत नाही, फक्त मनगट दुखतं.

४.० ला मात्र प्रत्येक मॉडेलमधली 'अ‍ॅट्र_प्रोटेक्टेड'ची ओळ उचलून कंट्रोलरमध्ये परवानगीची यादी करायची होती. एका मॉडेलमध्ये एजंटचा शाखा क्रमांक राखीव ठेवलेला. तिला कारण कळेना, कारण फॉर्ममध्ये तो रकाना सरळ दिसत होता, एजंट भरतही होते, आणि भरलेलं गुपचूप टाकून दिलं जात होतं. क्लायंटची तर तक्रारच होती की 'शाखा बदलता येत नाही'. कुणालाही वाटेल, बग आहे. परवानगीच्या यादीत एक शब्द वाढवला की तक्रार बंद.

तिने ब्लेम चालवलं. ओळ २०१० ची. कारण लिहिलेलं: 'फिक्स'. बस. लिहिणारा कंपनी सोडून जाऊन जमाना झाला. तिने त्याला शोधून मेसेज टाकला. तो आता टोरांटोला, कोडिंग सोडून भलत्याच धंद्यात. दोन दिवसांनी उत्तर आलं, आणि त्याला आठवत होतं! कमिशन शाखेनुसार ठरायचं. मार्चच्या शेवटच्या रात्री काही एजंट स्वतःची शाखा बदलून जास्त दराच्या शाखेत जायचे आणि एप्रिलच्या एक तारखेला परत यायचे. क्लायंटच्या अकाउंट्समधल्या एका बाईंनी ते हाताने पकडलं होतं. त्या रात्री घाईघाईत ही एक ओळ टाकली गेली. फॉर्ममधला रकाना काढायचं 'नंतर बघू' म्हणून राहिलं ते राहिलंच. त्या बाई रिटायर झाल्या, क्लायंटकडे हे आज कुणाला माहीत नाही.

रेल्ससारख्या प्रोजेक्टमध्ये हे का होत नाही, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, होतं की, तिथेही 'इनिशियल' लिहिणारे आहेतच. पण तिथे बदल आत जायच्या आधी चार अनोळखी लोक 'का?' विचारतात, आणि ते विचारणंसुद्धा लेखी राहतं. ऑफिसात 'का' हे चहाच्या टपरीवर ठरतं. टपरीचा लॉग कुठे असतो?

मग तिने शाखा क्रमांक यादीबाहेरच ठेवला, फॉर्ममधून तो रकाना काढला, आणि कमिटमध्ये मार्चच्या रात्रीपासून टोरांटोच्या मेसेजपर्यंत सगळं लिहिलं. चौदा ओळी. कोडमधला बदल दोन ओळींचा.

तिच्या टीम लीडने तपासताना खाली लिहिलं, "हा कमिट मेसेज आहे की निबंध?" आणि मंजूर केलं.